दुसरी वेलांटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शिरीषला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. निघता निघता विनोद होतो — तीच तर माझी जुनी खोड आहे.

गोष्ट एका गेमची आहे. हो, संगणकावरच्या, बंदुकांच्या, ढिश्क्यांव-ढिश्क्यांववाल्या. पन्नाशीला टेकलेला माणूस गेमबद्दल काय गळा काढतो, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र. कसबा पेठेत आमच्या घरांमध्ये चार दारांचं अंतर होतं. त्याची आई आमच्याच शाळेत मराठी शिकवायची. शाळेत बाई आणि घरी काकू. मी दिवसातून दोनदा हाक बदलायचो आणि कधीकधी चुकायचोही. माझी आई नोकरी करायची, म्हणून शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडेच असायचो. त्यांच्या हातचं खाऊन मोठा झालो असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

मला शुद्धलेखन येत नसे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, काही केल्या डोक्यात शिरत नसे. शिरीषचं नावसुद्धा मी ‘शीरीष’ लिहायचो. एकदा वर्गात माझी वही सगळ्यांना दाखवून कुणीतरी हसलं, तेव्हा मी रडलो. त्या दिवशी घरी काकूंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, “शंका आली की दुसरी वेलांटी देत जा. चुकलास तरी ठाम चुकशील.” हा नियम त्यांनी फक्त मला दिला. वर्गात दिला असता तर त्यांची नोकरी गेली असती! मी तो इतका मनापासून पाळला की आजही मराठीत लिहायला घेतलं की हात आपोआप दीर्घ देतो.

पुढे आम्ही दोघेही संगणक शिकलो. मी हिंजवडीला नोकरीला लागलो आणि शिरीषही लागला. मग एक दिवस त्याने नोकरी सोडली आणि कात्रजला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गेम करायचा म्हणाला. मराठीत! मलाही बोलावलं होतं. “नंदू, तू आणि मी. अर्धं अर्धं.” मी नाही म्हणालो. घराचे हप्ते, मुलीची शाळा — कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. पण खरं कारण वेगळं होतं. तो आपटणार अशी माझी खात्री होती. आपटावा अशी थोडी इच्छाही होती का? होती. सांगून टाकतो, होती.

तीन वर्षांनी त्याचा टीझर आला. गेमचं नाव ‘पाणलोट’. तीनशे वर्षांनंतरचं पुणे, आटलेलं खडकवासला धरण, त्याच्या भेगाळलेल्या तळावर फिरणारी यंत्रं, आणि बंदूक घेऊन शेवटचं पाणी शोधत निघालेला खेळाडू. त्याला वाट दाखवते पंपघरातल्या जुन्या संगणकाची यंत्रणा, आणि ती यंत्रणा बोलते काकूंच्या आवाजात. “अहो, डावीकडे बघा. तिघं आहेत.” “आपण जखमी आहात. जरा बसावं.” आणि खेळाडू मेला की अगदी शांतपणे, “आपण मेलात. हरकत नाही. पुन्हा या.”

मी तो टीझर ऑफिसच्या कँटीनमध्ये पाहिला. अंगावर काटा आला — खोटं कशाला बोलू? त्या ओसाड तळावर, त्या धुरात, तो ण आणि ळ स्वच्छ उच्चारणारा, जराही न चढणारा आवाज. मला एकदम सुरक्षित वाटलं. लहानपणी वाटायचं तसं.

आणि मग मी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या.

लोक वाट बघत होते हो! नाशिकचे, कोल्हापूरचे, कुठल्या कुठल्या देशात गेलेले. ‘कधी येणार?’, ‘मित्रांनो, माझ्या जुन्या मशीनवर चालेल का?’, ‘आयुष्यात पहिल्यांदा यंत्र मला अहो म्हणालं.’ सगळं गोडगोड होतं असं नाही. कुणी म्हणत होतं, पुण्यात बनलेला गेम दुपारी एक ते चार बंद राहणार का? कुणी म्हणत होतं, हातात बंदूक आणि कानात अहो, हे काही जमत नाही. गोळ्यांचा आवाज पुचाट आहे, यंत्रांची चाल उसनी वाटते, वगैरे. पण शिव्या घालणारेसुद्धा वाट बघत होते. ते मला टोचलं. मी वीस वर्षं नोकरी केली. माझ्या कुठल्याही कामाची कुणी, कधी, कुठे वाट बघितली होती? माझं काम वेळेत झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि उशिरा झालं तर फक्त ई-मेल येते.

तिथेच, समोर इडली-सांबार असताना, मी ‘तटस्थ पुणेकर’ या नावाने खातं उघडलं. तटस्थ! काय नाव सुचलं बघा. आणि लिहिलं:

‘पंपातल्या बाई गोळी झाडायला सांगतात की शुद्धलेखन लीहायला? शत्रू मरेल की नाही माहीत नाही, आपल्याला मात्र नीबंध लीहावा लागणार.’

संध्याकाळपर्यंत ती प्रतिक्रिया सगळ्यात वर गेली. दोन दिवसांत काकूंना नाव पडलं — निबंधबाई. पोरांनी चित्रं केली. यंत्राच्या डोक्यावर अंबाडा, हातात छडी, खाली ‘समास सोडून गोळी मारा’. लोक गेमला गेम म्हणेनात, ‘निबंधबाईचा गेम’ म्हणू लागले. मी रोज जाऊन किती जणांना आवडलं ते बघत होतो. आणि मला आनंद होत होता. आता तुम्हाला माझी घृणा वाटत असेल तर ती इथेच खर्चून टाकू नका, कारण ज्याची कबुली द्यायची आहे ते हे नव्हे. एवढंच असतं तर कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत मी हे हसत सांगून मोकळा झालो असतो. शिरीषनेही दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं.

आठवड्याने काकूंचा फोन आला. “रविवारी दुपारी येऊन जा. शिरीष कात्रजला असेल तेव्हा ये.”

गेलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू एकट्याच जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर शिरीषने दिलेला टॅब होता. त्यांनी चहा ठेवला, मुलीची चौकशी केली. मग टॅब माझ्याकडे सरकवला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “दुसरी वेलांटी अजून सुटली नाही वाटतं.”

मी वाचायचं नाटक केलं. लीहायला. नीबंध. लीहावा. शिरीषने हीच ओळ पन्नासदा वाचली असेल, पण तो काही वेलांट्या बघणारा नव्हे, मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहिणारा माणूस. जगात एकाच व्यक्तीला माझा हात ओळखता येत होता आणि ती माझ्यासमोर बसली होती. आता त्या बोलतील, रागावतील, मला घराबाहेर काढतील असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं!

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, “तुला खरंच तसं वाटतं का रे?”

म्हणजे काय, ते मला आधी समजलंच नाही.

“बाकीचे काय, बोलतील,” त्या म्हणाल्या. “ते मी मनावर घेतलं नाही. पण तू माझा आवाज लहानपणापासून ऐकलायस. तुला जर तो तिथे हास्यास्पद वाटत असेल तर तो असेलच. शिरीष मला सांगणार नाही, त्याची आई आहे मी. तू खोट्या नावाने का होईना, सांगितलंस. तर मला नीट सांग. काढून टाकायला सांगू का त्याला?”

ऐकलंत ना? बाई माझ्या मत्सराला मत समजल्या होत्या. त्यांना वाटलं, तोंडावर सांगायला पोरगं लाजलं, म्हणून आडून सांगितलं. माझ्या नीचपणात त्यांनी प्रामाणिकपणा शोधून काढला होता — वहीत एखादं तरी वाक्य बरोबर सापडावं म्हणून त्या शोधायच्या तसा.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ‘काकू, आवाज सुंदर आहे, मी जळून लिहिलं.’ बस. त्यात अवघड काय आहे? मी ते मनात पुरतं जुळवलंसुद्धा होतं. पण ते बोललो असतो तर त्यांच्या डोळ्यांत मी काय झालो असतो? चुकलेलं पण खरं बोलणारं पोरगं, की शिरीषवर जळणारा माणूस? मला पहिलं राहायचं होतं.

मी म्हणालो, “थोडं... जुनं वाटतं, काकू. गेमला तसं नाही चालत.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंस.” आणि राहिलेला चहा माझ्या कपात ओतला.

तर हे आहे ते. कँटीनमधलं नव्हे, टेबलाशी बसून बोललेलं.

शिरीष आईशी चार दिवस भांडला. नंतर मला फोन करून म्हणाला, “तू तरी समजाव रे तिला, तुझं ऐकते ती.” मी म्हणालो, “बघतो.” काही बघितलं नाही. सहा महिने ध्वनिमुद्रण करून दिलेल्या त्या बाईंनी, ज्यांनी फिरायला येणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना ‘माझा आवाज तीनशे वर्षांनी ऐकायला मिळणार’ म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यांनी स्वतः बसून सगळी वाक्यं काढून टाकायला लावली. तुझ्या तीन वर्षांच्या कामाचं माझ्यामुळे हसं नको, म्हणाल्या. मैत्रिणींना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यांनी फिरायला जायची वेळ बदलली, एवढं शिरीषकडून कळलं.

मुंबईहून एका व्यावसायिक मुलीचा आवाज घेतला. गेम आला तेव्हा काकूंनी हेडफोन लावून तो नीट ऐकला आणि म्हणाल्या, “छान बोलते हो. श आणि ष एकच करते, तेवढं सोडलं तर.” आम्ही हसलो. मीही हसलो.

गेमबद्दल पुन्हा दोन मतं पडली. तळ झकास, पाण्याचा शोध झकास, बंदुका आता दमदार. पण बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: ‘टीझरमधल्या बाई कुठे गेल्या? आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो.’ निबंधबाई म्हणून खिदळणारे त्यात होते! म्हणजे त्यांना त्या आवडत होत्या हो. चिडवत होते, ते आपलं म्हणून. हे काकूंनी वाचलं का? रोज सगळं वाचायच्या, म्हणजे वाचलंच असेल. मी विचारलं नाही. त्यानंतरही त्या माझ्याशी तशाच वागल्या. दिवाळीला माझ्यासाठी वेगळा डबा काढून ठेवायच्या. तो डबा मी संपवायचो.

दोन वर्षांनी काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. मी खांदा दिला. शिरीष माझ्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, “तुझीपण आईच होती रे.”

गेमसाठी बोललेली वाक्यं काढून टाकताना त्याने रागाच्या भरात मूळ फायलीही पुसल्या होत्या. उरला तो टीझर. काकूंच्या आवाजातली तेवढीच तीन-चार वाक्यं. तो तेच ऐकत बसतो हे मला कळलं, आणि त्याखाली सगळ्यात वर माझी ओळ आहे हे आठवलं. आई ऐकायची तर आधी मी दिसणार. मी त्याच दिवशी खातं उघडून ती प्रतिक्रिया पुसून टाकली.

गेल्या महिन्यात त्याच्या कात्रजच्या खोलीवर गेलो होतो. त्याने टीझर लावला. बघून झाल्यावर प्रतिक्रिया खाली-वर करत म्हणाला, “एक बघ नंदू. तो तटस्थ पुणेकर होता ना, ज्याच्यामुळे सगळं झालं — त्याने त्याचं लिहिलेलं काढून टाकलं. आई गेली त्याच आठवड्यात. कुठून तरी कळलं असेल त्याला. वाईट वाटलं असेल.” त्याचे डोळे भरले होते. “मी उगाच इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्या. माणूस चांगला असणार रे.”

“असेल,” मी म्हणालो.

मग त्याने चहा मागवला आणि आम्ही तो प्यायलो.