झुंबरबाईंची कैदाशीण

लग्न होऊन पुष्पावती सासरी आली, तेव्हा उंबरठा ओलांडताना तिचं डोकं चौकटीला आपटलं. भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी असलेली सासू, झुंबरबाई, दोन पावलं मागं सरली आणि शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "अगं बया, ही तर कैदाशीण!" म्हणायला कानात, पण अख्ख्या मांडवानं ते ऐकलं.

तेव्हापासून पाथर्डीच्या पूर्वेकडच्या त्या वस्तीवर पुष्पावतीचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. उंचीनं ती नवऱ्यापेक्षा, अंगदपेक्षा, चांगली वीतभर जास्त. बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातली गुरं माना वर करायची. ऊसतोडीला गेल्यावर गड्यांना जड जाणारी मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून सरळ ट्रकात चढायची. शेजारचे बन्सीअण्णा तिला हिडिंबा म्हणत, पाण्याच्या टँकरपाशी बाया त्राटिका म्हणत. एकदा वस्तीवरची पोरं तिला हडळ म्हणाली, तेव्हा झुंबरबाईंनी त्यांना थांबवलं. पुष्पावतीला वाटलं, आता सासू आपली बाजू घेणार.

"हडळ न्हाई रं," झुंबरबाई म्हणाल्या. "हडळ बाई मेल्यावर हुती, तिचे पाय उलटे असत्यात. जखीण धनावर बसून राहती. डाकीण नजर लावती. कैदाशीण जित्ती असती, धिप्पाड असती, अन् कुनाच्या बापाला भेत न्हाई. बोलायचं तर नीट बोलावं."

गोठ्यात शेण भरताना पुष्पावतीनं हे ऐकलं आणि पाटी उचलून ती मान खाली घालून उकिरड्याकडं गेली. पुढं पुढं ती खांदे पाडून चालू लागली, आवाज गिळून बोलू लागली. लेक दीपा आईच्याच अंगलटीवर गेली. पाथर्डीला कॉलेजात जाऊ लागलेली ती पोर मैत्रिणींत उभी राहताना गुडघ्यात वाकते, हे एकदा पुष्पावतीनं पाहिलं. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

मग तो सप्टेंबर आला. ज्या मुलखात उन्हाळाभर टँकरची वाट बघायची, तिथं पावसानं असं ठाण मांडलं की ओढ्याची नदी झाली. अंगद टेम्पोत कांदा घालून नगरला गेलेला, दीपा पाथर्डीत. सकाळी पुष्पावती धार काढायला बसली आणि बघता बघता चरवीखालून पाणी वाहू लागलं. तिनं म्हशीचं दावं कापलं, तिला चढाकडं हाकललं आणि घरात धावली. झुंबरबाई बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांचे गुडघे कधीचेच गेलेले.

"आत्या, पाठीवर बसा."

"मला राहू दे. तू जा, पुष्पे. तुला पोर हाय."

"मी इचारत न्हाई, सांगतीया. बसा!"

कित्येक वर्षांत गिळलेला आवाज एकदम बाहेर पडला. झुंबरबाई मुकाट पाठीवर आल्या. पुष्पावतीनं त्यांना लुगड्यानं कमरेशी आवळून बांधलं आणि ती पाण्यात उतरली. पाणी छातीला लागलं. सासू सुनेच्या केसांना धरून एकदा देवाचा धावा करी, एकदा "डावीकडं खड्डा हाय गं!" म्हणून ओरडे. शाळेचा ओटा उंचावर होता. तिथल्या माणसांनी दोघींना वर ओढून घेतलं.

बन्सीअण्णा मात्र पत्र्यावर अडकले होते. ओट्यावरच्यांनी दोर आणला होता, पण उतरायला कुणी धजेना. पुष्पावतीनं तो कमरेला बांधला. "धरून ठेवा," एवढंच म्हणाली आणि परत गेली. अण्णांना खांद्यावर टाकून ती आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. अण्णांनी हात जोडले.

पाणी ओसरल्यावर तहसीलची माणसं पंचनाम्याला आली. साहेबांनी विचारलं, "यांना कुणी काढलं?"

"माझ्या सुनंनं," झुंबरबाई म्हणाल्या. "कैदाशीण हाय ती."

साहेब गोंधळले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पुष्पावतीही हसली, आणि आपण मोठ्यानं हसलो हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

चिखल उपसताना एका दुपारी तिनं सासूला विचारलंच. "आत्या, पयल्याच दिवशी मला तसं का म्हनलात?"

झुंबरबाईंनी सुपातल्या ओल्या धान्यातला खडा काढून टाकला. "भ्याले हुते. वाटलं, ही एवढी मोठी, माझं घर हिच्या एका मुठीत जाईल. चांगलं म्हनायला जीभ वळली न्हाई. मग सवयच लागली, माय."

तिनं सासूच्या हातातलं सूप घेतलं आणि स्वतः पाखडायला बसली.

दीपा आली ती कॉलेजातल्या शब्दकोशात बघूनच. "आई, कैदाशीण म्हणजे राक्षसीण, दांडगी बाई, असं दिलंय."

"दांडगी तर हायेच मी," पुष्पावती म्हणाली. "अन् तूबी हायेस. नीट उभी राहा बघू."

त्या हिवाळ्यात नगरला पुराच्या वेळी मदत करणाऱ्यांचं शिबिर होतं, तिथं तिचं नाव गेलं. अंगापुरतं लाइफ जॅकेट मिळेना, तेव्हा पुरुषांचं घालून ती पोहायला आणि दोर फेकायला शिकली. पण खरी गोम तिला कळली होती: वस्तीवरच्या एकाही बाईला पोहता येत नव्हतं. उन्हाळा लागला तरी यंदा त्यांची विहीर भरलेली होती; तिनं पोरींना तिथं पोहायला शिकायला बोलावलं. दीपा सगळ्यांत पुढं.

म्हाताऱ्या बाया कुरकुरल्या. विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, असतात, बायामाणसानं पाण्यात उतरू नये. झुंबरबाई काठी टेकत काठावर आल्या आणि त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं.

"आसराबी बायाच हायत," त्या म्हणाल्या. "पोरींना बघून खूश हुतील. पुष्पे, तरंगायचा रिकामा डबा नीट आवळ दीपाच्या पाठीला."

दीपानं आईकडं एकवार पाहिलं आणि उडी मारली.