काकडाशिवाय शेवळं

कोल्हापूरच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी नाशिक रोडच्या घरी बाल्कनीत बसून पाकिटांवर लेबलं चिकटवत होते आणि स्वतःवर फार खूश होते. लेबलावर मोर होता, हिरवी पानं होती, वळणदार अक्षरांत ‘सह्याद्रीच्या कुशीतून’ असं लिहिलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मी अंबडच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी साहेबाशी भांडून सोडली. भांडण किरकोळ होतं, मी नव्हते. मग घरी बसून चिडचिड करण्यापेक्षा, बाजारात जिच्याकडून रानभाज्या घ्यायचे त्या मावशीबरोबर धंदा सुरू केला. मावशी पेठजवळच्या एका पाड्यावरची. ती आणि तिथल्या बायका रानातून आणणार, वाळवणार. मी पाकिटं करून विकणार. करवंदाचं लोणचं, मोहाच्या फुलांचे लाडू आणि वाळवलेली शेवळं. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चवीला असे की खाणारा मटणाची आठवण काढत नाही. नाशकात ती खपली, ठाणे-कल्याणकडे तर त्यांच्यावर उड्या पडल्या. मग मला जरा चढलंच. म्हटलं, आता कोल्हापूर.

मावशीला मोर-बिर काही नको होता. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची पिकअप पाड्यावर येते आणि माणसं भरून दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला घेऊन जाते. मावशीच्या गेल्या कित्येक दिवाळ्या बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या होत्या. “यंदा कोल्हापूर चाललं त दिवाळी माझ्या घरात करीन,” असं ती म्हणाली होती. माल पुढे गेला तर लाडू-लोणच्याचं काम पाड्यावरच पुरणार होतं. नाही गेला तर पिकअप होतीच.

तर फोनवर दुकानदार म्हणाले, “ताई, काय पाठवलंय वो तुमी? गिऱ्हाइकांचं घसं खाजायला लागल्यात. एक म्हातारी तर दुकानात येऊन भांडून गेली.”

“काकडं घातली नसतील त्यांनी,” मी ताडकन म्हणाले.

“कसली काकडं?”

नंतर बोलते म्हणून मी फोन ठेवला. भांडण अर्धवट सोडायची माझी ही पहिलीच वेळ.

शेवळं खाजरी असतात. काकड नावाचं आवळ्याएवढं आंबट हिरवं फळ ठेचून त्यात घातलं की खाज मरते. आमच्याकडे शेवळं घेतली की विकणारी न मागता मूठभर काकडं पिशवीत टाकते, भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी. मी मावशीला फोन लावला आणि चूक कुणाची हे न बघता तिच्यावरच ओरडले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“मी त दर पाकिटाला वाळली काकडं बांधून दिली होती. तूच काढलीस ना?”

मीच काढली होती. ती काळी पडली होती आणि मोराशेजारी बरी दिसत नव्हती. शिवाय काकडं काय, कुणाच्याही घरी असतातच, असं मला वाटलं होतं. सगळी पोतंभर काकडं माझ्या पलंगाखाली पडून होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवणावरही राग काढता आला नाही.

दुकानदार माल परत पाठवायला निघाले होते. मी म्हटलं, चार दिवस थांबा, आम्ही येतो. मावशी, मी आणि ते पोतं एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. दुकानाच्या मागच्या पडवीत मावशीनं शेवळं भिजवली, बारीक चिरली, काकडं उकळून तो आंबट कोळ वर ओतला आणि तासभर भाजी रटरटू दिली. दुकानदारांनी चटणीचा डबा पुढे केला, तर तिनं चिमूटभरच घेतली. ते दुखावले. वासानं आठ-दहा गिऱ्हाइकं जमली, त्यात ती भांडणारी म्हातारीही होती. पण ताटलीला कुणी हात लावेना.

पाड्यावर एक रीत आहे. रानातली भाजी जिनं आणली तिनं पहिला घास खायचा, मग बाकीच्यांनी. मी मावशीकडे बघत राहिले. तिनं ताटली उचलली आणि माझ्या हातात दिली.

“खुडली मी. पर हितवर तू आणली. तू खा.”

खरं सांगते, मला भीती वाटली. तीन वर्षं विकत होते, पण दर वेळी मावशीनं चाखल्यावरच खाल्लेली. सगळ्यांच्या देखत मी घास घेतला, गिळला आणि थांबले. म्हातारी माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. काही झालं नाही. मी दुसरा घास घेतला, मग तिसरा, तेव्हा म्हातारीनं ताटली ओढून घेतली. “सगळं तूच खातीस काय?” म्हणाली.

दुकानदारांनी माल ठेवून घेतला, काकडांची पुडी आणि कृतीची चिठ्ठी पाकिटात असेल या अटीवर. निघताना त्यांनी दिवाळीसाठी मोहाचे लाडू आणि लोणचंही सांगितलं. मोर मी काढून टाकला. त्या जागी आता काकडाचं चित्र आहे, आणि खाली ठळक लिहिलंय की हे घातल्याशिवाय रांधू नका.

दसऱ्यानंतर लाडवांची पाकिटं न्यायला मी पाड्यावर गेले, त्याच दिवशी पिकअप आली. दोन-तीन घरांतली माणसं गाठोडी घेऊन चढली. मुकादमानं मावशीच्या दारापुढे गाडी थांबवून हॉर्न दिला. मावशी ओट्यावर लाडू वळत होती. तिनं मान वर केली आणि पिठाच्या हातानंच त्याला पुढे जा म्हणून खूण केली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मला रडू आलं, म्हणून मी उगाच पाकिटं मोजू लागले.

“नीट मोज,” मावशी म्हणाली. “आन दिवाळीला ये. घरीच हाय मी.”