होकार आल्याशिवाय

हौशीरामची आणि सलीमभाईंची पहिली भेट झाली तेव्हा आधी आवाज आला आणि सलीमभाई बऱ्याच वेळानं आले. निरगुडसरच्या बाजूनं निघालेला तो आवाज ओढा ओलांडून गवारवाडीत शिरला, तशी हौशीरामची म्हैस दूध चोरून उभी राहिली, त्याच्या बायकोच्या, शीलाच्या, तव्यावरची भाकरी आपोआप उलटली, आणि दोन्ही कानांनी बहिरा कुशाबा "आलो, आलो" म्हणत बाजेवरून उठला. मग धुरळ्यातून एक खंगलेली एम-एटी गाडी आली. तिच्यावर भोंगा, आणि भोंग्यामागं भुईमुगाच्या शेंगेएवढा माणूस.

सलीमभाई जुन्नरचे. भोंग्यावरून पुकारा करणं हा त्यांचा धंदा. लसीकरण असो, कुस्त्या असोत की उसात बिबट्या दिसलेला असो, पद्धत एकच. प्रत्येक घरापुढं थांबायचं आणि आतून "ऐकलं" असा होकार आल्याशिवाय गाडी पुढं काढायची नाही. बाया वैतागून आधीच ओरडायच्या. मग सलीमभाई म्हणायचे, "वहिनी, अजून म्या तोंडबी उघडलं न्हाई."

पुढं हौशीरामच्या पुतण्यानं, आदेशनं, मोबाइलवर वाडीचं पेज काढलं. वाडीत घरं पस्तीस, पेजवर माणसं एकवीस हजार. भोंगा बंद झाला.

"एकवीस हजार?" सलीमभाईंनी पारावर विचारलं होतं. "कोंबड्या धरून का?"

"चाचा, पेजवाली कंपनीच आकडा देती."

"म्हंजी माल बी तिचा, तराजू बी तिचा. आन् ह्यात आपला कुशाबा हाय का?"

आदेश हसला. हौशीरामही हसला. आकडा मोठा होता, आणि मोठ्या आकड्याजवळ बसलं की ऊब वाटते.

यंदा ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्या उघड्यावर आला. आधी कुत्री भुंकेनाशी झाली. मग कुशाबाची शेळी गेली. दाव्याला नुसता फास राहिला. ओढ्याच्या वाटेवर ताटाएवढे नसले तरी वाटीएवढे ठसे उमटले. आदेशनं पेजवर टाकलं : दिवस मावळल्यावर कुणी दाराबाहेर पडू नये. मोबाइल म्हणाला, तेवीस हजार लोकांपर्यंत पोचलं. हौशीरामनं शीलाला आकडा दाखवला आणि तो निवांत झाला.

त्याच दिवशी, ऊन उतरताना, सलीमभाई आले. मंचरच्या बाजारात त्यांनी बातमी ऐकली होती. कुणी बोलावलं नव्हतं. भोंग्याची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून नुसत्या गळ्यानं पुकारत होते. कुशाबाला तर त्यांनी खांद्याला धरून सांगितलं, त्याच्याकडून "ऐकलं" वदवून घेतलं, तेव्हा कुठं हलले.

हौशीरामच्या दारात पोचेस्तोवर अंधारून आलं.

"चाचा, आता हितंच ऱ्हावा," शीला म्हणाली. "च्या टाकते."

"भागूचं घर राह्यलंय."

भागूचं घर शेवटचं, तिन्ही बाजूंनी ऊस.

आदेशनं मोबाइल पुढं धरला. "भागूतात्यानं बघितलंय. ह्यो बघा अंगठा."

"अंगठा दिसतो बेटा. माणूस कुठं दिसतो?"

"लई हट्टी राव तुमी," हौशीराम म्हणाला. पण तो उठला नाही. अंगठा होता ना.

सलीमभाई गेले. गाडीचा आवाज थांबला, म्हणजे पोचले.

"भागूभाऊ, ऐकलं का?"

वारा नव्हता, तरी वरच्या अंगाला उसाचं पाचट वाजत होतं. हौशीरामच्या म्हशीनं कान टवकारले.

"भागूभाऊ, ऐकलं का?"

शीलानं चहा गाळायचा थांबवला. पाचट आता सलीमभाईंच्या आवाजाजवळ वाजत होतं. हौशीरामला वाटलं, आपणच इथून होकार द्यावा, भागूच्या नावानं, म्हणजे हा माणूस परत फिरेल. त्यानं तोंड उघडलं.

"भागूभाऊ..."

पुढचं आलं नाही. म्हशीनं दावं तोडलं.

हौशीराम आणि आदेश पलिते घेऊन धावले, तेव्हा एम-एटी उभी होती, आणि भागूच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. भागू सकाळीच कुटुंबासह चाकणला लेकीकडं गेला होता. अंगठा त्यानं तिथून दिला होता.

पेजवरची श्रद्धांजली, कंपनीच्या हिशोबानं, एकतीस हजार लोकांनी पाहिली. जुन्नरला दफनाला वाडीतून हौशीराम एकटा गेला.