नानांचे नरम बुश

"यानापेक्षा नरम शे का?" असं म्हणत नाना रबरी बुश अंगठ्यानं दाबून बघायचे, पेरू पिकलाय का ते बघावं तसे.

धुळ्यात हायवेला माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बुश म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या टोकात बसणारी छोटी नळी. ती लोखंडावर लोखंड आपटू देत नाही. तुम्ही कुठल्याही ट्रकवाल्याला बघा, तो टिकाऊ माल मागतो. नरम मागणारे एकटे नानाच. ते स्वतःचाच ट्रक चालवायचे, आणि गाडी त्यांच्याइतकीच थकलेली. तिचे पितळी बुश काढून त्यांनी रबरी घातले, मग दुसऱ्या बनावटीचे रबरी.

"नाना, माल भरला की हे चिरडून जातील."

"माल कोठे शे आते? तीच ऱ्हास गाडीमा."

आता गाडीत असायची ती त्यांची बायको; तिला आम्ही मावशी म्हणायचो. दुखणं तिच्या मणक्यात उतरलं होतं. शिंदखेड्याहून धुळ्याच्या दवाखान्यात आणायचं, तर बसमध्ये तिला बसवत नव्हतं आणि रुग्णवाहिकेत ती घाबरायची. नानांच्या केबिनमधल्या मागच्या फळीवर मात्र ती उमेदीच्या काळात इंदूरपर्यंत झोपून गेलेली.

रिकामी गाडी जास्त उडते, असं मीच सांगितलं. नानांनी मागे मातीची पोती रचली. स्प्रिंग नरम व्हावी म्हणून एक पाटा काढला. फळीवर गादीवर गादी घातली. मग एके दिवशी म्हणाले, "भाऊ, तू बस. दणका कोठून येस ते देख."

मी केबिनमध्ये चढलो. मावशी पडल्या पडल्या हसली. "यासनी गाडी लोनीसारखी करी टाकी, भाऊ."

तेवढ्यात खड्डा आला. तिनं डोळे मिटले, आणि दांडा धरलेली बोटं पांढरी पडली. नानांनी आरशात ते पाहिलं. गाडी बाजूला घेतली.

"यापेक्षा नरम काही नाही, नाना," मी म्हणालो.

"बठ्ठं देखं का तू?"

सगळं बघितलंय, अशी मी मान हलवली. त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, आधीपेक्षा हळू.

नंतर ते दुकानात आले नाहीत. मावशी गेल्याचं त्यांच्या गावच्या एका ड्रायव्हरकडून कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, नरडाण्याजवळ. मी बसमध्ये होतो. पुढे एक ट्रक बैलगाडीच्या चालीनं चाललेला, मागे हॉर्नचा कल्लोळ. आमचा ड्रायव्हर शिव्या देत शेजारून निघाला, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. नानांचा एक हात स्टिअरिंगवर होता. दुसरा मागे फळीकडे लांबवलेला, आणि तो मावशीनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.