बायबलबाईंनी मागितलेला वेळ

बायबलबाई देवाशी खोटं बोलत नसत. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते, पण आम्ही बाकीचे प्रार्थनेला बसलो की आमचा आवाज लगेच गोड होतो. बाईंचा होत नसे. वालूरच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये त्या डोळे मिटून, शेजारणीशी बोलावं तशा म्हणायच्या, "देवा, आज मला तुझा राग आलाय. म्हून जास्त बोलत न्हाई. आमेन." आणि खाली बसायच्या. एकदा आमच्या घरी जेवणाआधी आभार मानताना म्हणाल्या, "भाजी खारट झाली ती माझी चूक. बाकीच्यासाठी तुझे आभार." भाजी त्यांनीच फोडणीला टाकली होती.

आमच्या भागात ख्रिस्ती घरं मोजकीच. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदा परभणीहून यायचे. मधल्या काळात आजाऱ्याच्या उशाशी बसून शास्त्र वाचणं, रविवारी मुलांना शिकवणं, मयताला सगळ्यांत आधी पोचणं, ही कामं बाई करायच्या. म्हणून त्यांना सगळं गाव बायबलबाई म्हणायचं. नवरा तरुणपणीच गेलेला. चर्चच्या मागे दोन खोल्या, त्यात बाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी रूथ.

मुलांचे प्रश्न त्या कधी उडवून लावत नसत. मी लहान असताना विचारलं होतं, "देव सगळीकडे आहे, तर चोराला थांबवत का नाही?" बाई म्हणाल्या, "थांबवतोय की. चोरी करताना पोटात कालवतं का न्हाई? त्योच असतोय त्यो. आपुन ऐकत न्हाई, त्याला तो काय करील?"

मयताच्या घरी कुणी "देवाची इच्छा" म्हणालं की त्यांचा चेहरा बदलायचा. विहिरीत पडून गेलेल्या एका लेकराच्या आईला लोक तसं समजावत होते. बाई म्हणाल्या, "विहिरीला कठडा नव्हता, ती आपली चूक. देवाच्या नावावर कायबी खपवू नका." मग त्या आईजवळ संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

रूथ परभणीला नर्सिंग शिकत होती. एकोणीस वर्षांची. सुट्टीत आली होती, तेव्हा शेतात राहणाऱ्या एका म्हातारीला इंजेक्शन द्यायला गेली. परत येताना, दिवेलागणीच्या सुमाराला, गावाच्या अलीकडच्या वळणावर तिला एका जीपनं उडवलं. जीप थांबली नाही. रूथ म्हातारीकडेच मुक्कामाला राहिली असेल, असं समजून बाईंनी रात्री शोध घेतला नाही. सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसाला ती दिसली, तेव्हा तिच्यात जीव होता. दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, रात्र बाहेर काढली नसती तर वाचली असती.

त्या जीपमध्ये मी होते.

पाथरीहून येत होते. नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. आत मी आणि पुढच्या गावचे दोन अनोळखी गडी. धक्का बसला. आमच्याच गावचा दत्ता ती प्रवासी जीप चालवत होता. तो मागे न बघता म्हणाला, "कुत्रं व्हतं." मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला पिवळी ओढणी होती. ती रूथ आहे हे मला कळलं नाही. पण ते कुत्रं नाही, हे कळलं होतं. माझ्या तोंडून "थांबवा" निघालं नाही. घरी गेले, जेवले, मुलाखत कशी झाली ते आईला सांगितलं.

सहा महिन्यांनी दत्ता स्वतःहून बाईंच्या दारात येऊन बसला. दिवसभर बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत एसटीनं सेलूला पोलिसांकडे गेल्या. त्यानं तिथं सांगितलं, "गाडीतल्या कुणाला काय समजलं न्हाई." शिक्षा भोगून आला. तो आमच्या मंडळीतला नव्हता, तरी दर रविवारी चर्चमध्ये येऊन बसू लागला. माणसं कुजबुजली. बाई म्हणाल्या, "हे घर माझं न्हाई. ज्याचं हाय त्यानं हाकलावं." पुढे दत्ताच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर बाईच रोज जाऊन तिच्या डोळ्यांत औषध घालायच्या.

आणि तरीही एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. प्रभूची प्रार्थना आम्ही एकत्र म्हणायचो. ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही क्षमा केली, असं जिथं म्हणायचं असतं, तिथं बाई गप्प व्हायच्या. ओठसुद्धा हलायचे नाहीत. पुढच्या ओळीला पुन्हा आवाज लागायचा. पाळक एकदा म्हणाले, "बाई, आता तरी मनातून काढा." बाई म्हणाल्या, "काढलं असतं तर म्हणले असते. देवापुढं लबाडी करायची न्हाई मला." सगळ्यांच्या नजरा दत्ताकडे गेल्या. त्यानं मान खाली घातली. मी बाईंच्या शेजारीच बसायचे आणि ती ओळ मोठ्यानं म्हणायचे.

मला परभणीला शाळेत नोकरी लागली. तरी रविवारी मी यायचेच. बाई माझी चौकशी करायच्या, हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवायच्या. मात्र मुलांना शिकवायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्याहून लहान मुलींना सांगितलं. का, हे मी विचारलं नाही.

अशी चौदा वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात बाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ संत्रं सोलत बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं आणि मी सगळं सांगितलं. धक्का, ओढणी, आईशी मारलेल्या गप्पा. काही गाळलं नाही.

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "मला ठावं हाय, प्रभा. दत्तानं पयल्याच दिवशी सांगितलं. तू मागं वळून बघितलेलं त्याला आरशात दिसलं व्हतं. पोलिसाला न्हाई सांगितलं, मला सांगितलं."

"मग तुम्ही मला कधीच का बोलला नाहीत?"

"तुझ्या तोंडून यायला पायजे व्हतं. मी वाट बघायले. तू यायचीस, बाजूला बसायचीस, लाडू खायचीस अन् जायचीस."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच पुढे म्हणाल्या, "लोकायला वाटतंय त्या ओळीला मी दत्तासाठी थांबते. त्याला मी लय आधी सोडलं. दारात येऊन बसला तवाच. मी थांबत व्हते ती तुझ्यापाशी."

"आणि आता?"

बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात कढत होता. "आता तू सांगितलंस. चांगलं केलंस. पण मला लगेच व्हय म्हणता येईना, पोरी. मला थोडा येळ दे."

चौथ्या दिवशी पहाटे बाई गेल्या.

पाळकांनी मला परोपरीनं समजावलं. अशा बाईनं क्षमा केलीच असणार, देवाची क्षमा तर माणसाच्या क्षमेवर अडून नसते, असं ते म्हणाले. त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण बाई मला ओळखत होत्या आणि मी त्यांना. बाईंनी "केली" म्हटलं असतं तर ती केलेली असती. त्यांनी वेळ मागितला होता, आणि तो चार दिवसांचाच मिळाला. तो त्यांना पुरला का, हे मला या जन्मात कळायचं नाही. अंधारून यायला लागलं की रस्त्यानं चालताना मी अजून मागे वळून बघते.

बाईंना पुरल्यानंतरच्या रविवारी उपासनेत मी उभी राहिले. पाळकांना आधी विचारलं नव्हतं. त्या जीपमध्ये मी होते आणि मी पाहिलं होतं, एवढंच सांगितलं. रडले नाही. आई जमिनीकडे बघत होती. माझी नेहमीची जागा पुढे होती, बाईंच्या रिकाम्या जागेला लागून. तिकडे जायला माझे पाय उचलेनात. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. शेवटी दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसलेला दत्ता भिंतीकडे सरकला आणि त्यानं शेजारी हातभर जागा केली.

मी जाऊन तिथं बसले.