वायू मोजायची पेटी

भोपाळ घडून तीन-चार वर्षं झाली होती. मी तेव्हा धुळ्यात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. मुंबईकडच्या कुठल्याशा कारखान्यानं आपल्या जिल्ह्याला विषारी वायू ओळखायचं साहित्य देणगी दिलंय आणि त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, एवढं सांगून आमच्या प्राचार्यांनी मला जिल्हाधिकारी कचेरीत पाठवलं.

पेटी हिरव्या रंगाची, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी होती. आत हातात मावेल असा रबरी भात्याचा पंप आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळ्या. प्रत्येक वायूची नळी वेगळी. नळीची दोन्ही टोकं मोडायची, ती पंपात खोचायची आणि पंप दहा वेळा दाबायचा. हवेत तो वायू असेल तर आतल्या पुडीचा रंग बदलत जातो. रंग कुठल्या खुणेपर्यंत चढला, त्यावरून वायू किती ते कळतं. नळी एकदा वापरली की संपली.

पुस्तिकेचं मराठी मीच केलं. पेटी स्वीकारायचा छोटा समारंभ झाला. कॉलेजातून नेलेल्या अमोनियाच्या बाटलीचं बूच उघडून मी एक नळी दाखवली. पिवळ्याची निळी झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर अग्निशमन दलाच्या लोकांना दोन दुपारी शिकवलं. त्यांच्या प्रमुखांना सगळे नाना म्हणत. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी शेवटी विचारलं, "बाई, वायू किती ते कळलं. मग पुढं आम्ही काय करायचं?"

मी पुस्तिकेत बघून सांगितलं, की श्वसनाचा मुखवटा घालून आत जायचं.

"तो ह्या पेटीत आहे का?"

नव्हता. देणगी मोजायच्या साहित्याची होती. मुखवट्यांची मागणी वर सरकारकडे पाठवली आहे, असं मला नंतर कळलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी प्रॅक्टिकल चालू असताना जीप आली. सोनगीरच्या पुढे हायवेवर अमोनियाचा टँकर उलटला होता. नानांनी मला बोलावलं होतं. नळी वाचता त्यांनाही येत होती, पण जोडीला कोणी असलं तर बरं, असा निरोप होता. मी पेटी मांडीवर घेऊन बसले.

टँकर रस्त्याच्या खाली कपाशीच्या शेतात आडवा पडला होता. त्याच्या पोटाकडून पांढरा धूर निघून जमिनीलगत पसरत होता. वारा जवळजवळ नव्हताच. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवलेल्या. बंबानं लांबून पाणी मारून वायू बराच दाबला होता, पण पाणी संपल्यावर बंब ते भरायला गावातल्या विहिरीवर गेला होता. नाना चारजणांना घेऊन उभे होते. सगळ्यांच्या तोंडाला ओले गमछे.

"ड्रायव्हर आत आहे," नाना म्हणाले. "दार दबलंय. मघाशी हॉर्न वाजवत होता."

आम्ही उभे असतानाच हॉर्न पुन्हा वाजला. दोनदा थोडा थोडा, मग एकदा लांब.

मी आणि नाना ओला कपडा तोंडाला लावून जमेल तेवढे पुढे गेलो. टँकर अजून पन्नासेक पावलांवर असेल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नळीची टोकं मोडताना माझं बोट कापलं. पंप दाबायला लागले. चौथ्या दाबालाच निळा रंग शेवटच्या खुणेवर पोचला. सहाव्याला सगळी नळी निळी झाली. आम्ही मागे धावलो.

नानांनी मोकळ्या हवेत येऊन दोन श्वास घेतले आणि विचारलं, "बाई, जाता येईल का?"

त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं. मी हो म्हटलं असतं तर ते गेले असते. मला त्यांच्या घरचं ठाऊक होतं. मुलीचं लग्न ठरलेलं. चौघांपैकी दोघे तर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

"आपण उभे होतो तिथंच मोजता येत नाही इतका आहे," मी म्हटलं. "टँकरपाशी जाणारा दार उघडायच्या आधी पडेल."

"मग थांबायचं?"

"बंब येईपर्यंत. नाहीतर वारा सुटेपर्यंत."

शेताचा मालक आमच्याजवळ उभा होता. म्हातारा, अंगावर घोंगडी. त्यानं माझ्या हातातल्या नळीकडे बोट दाखवलं. "हाई काय सांगस, बाई?"

मी त्याला समजावलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "पन तठे मानूस शे ना," तो म्हणाला. तिथं माणूस आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

घोंगडी पाटात भिजवून तो निघाला तेव्हा नानांनीच त्याला धरून मागे आणलं. तो झटापट न करता बांधावर खाली बसला. हॉर्न आणखी एकदा वाजला. मग वाजला नाही. मी पुन्हा एक नळी मोडली, जरा अलीकडे उभी राहून. करण्यासारखं तेवढंच माझ्याकडे होतं. तीही निळी झाली.

अर्ध्या तासानं बंब आला आणि थोडा वाराही सुटला, उत्तरेकडे. पाण्याच्या फवाऱ्यात नाना आणि एकजण गेले. पहारीनं दार उचकटून त्यांनी ड्रायव्हरला बाहेर आणलं. त्याचा श्वास चालू होता. तो सिव्हिल हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी दुपारी वारला.

मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी काढला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, न रागावता.

देणगी देणाऱ्यांना उपयोगाचा अहवाल हवा होता. तो लिहायचं काम माझ्याकडेच आलं. उपकरण व्यवस्थित चाललं, बचाव पथकातल्या कोणाच्याही जीवाला अपाय झाला नाही, असं मी लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नाना एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्ही बरोबर सांगितलं, बाई." थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही नसता तर मी गेलो असतो." ते उपकार मानत होते की दोष देत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

आठवड्याभरानं ड्रायव्हरचे वडील आले. मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा खेड्याचे, धोतर, पायांत रबरी चपला. मृत्यूच्या दाखल्यासाठी आले होते. अपघाताच्या जागी हजर असलेल्या बाई कॉलेजात आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर बसवलं, चहा मागवला. त्यांनी चहा बशीत ओतून प्याला आणि मग विचारलं, "कोई गया था उसके पास?"

"हाँ, बाबा," मी म्हटलं. "गए थे. उठाकर लाए."

त्यांनी हात जोडले. कधी गेले, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नंतर त्यांनी सेंधव्याची गाडी कुठून मिळते ते विचारलं. मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. गाडीला वेळ होता. आम्ही दोघं फलाटाच्या कडेला उभे राहिलो, आणि मला दर थोड्या वेळानं वाटत होतं की ते कधी गेले आणि त्यांना कोणी थांबवलं, ते आता सांगावं.