कंपनीत सॉल्व्हंट नाही

अक्काचा हात चालायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाही तर पुढचं ऐकताना तुम्ही तिला गरीब गाय समजाल. रंग आणि थिनर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती सॉल्व्हंटचं स्टोअर सांभाळायची. ड्रम उतरवताना एका ट्रक ड्रायव्हरने सिगारेट पेटवली, तेव्हा तिने हातातल्या पितळी पान्याने त्याचे पुढचे दात पाडले होते. मालकाने बोलावून जाब विचारला, तर म्हणाली, "दात त्याचे गेले, कारखाना तुमचा राहिला. सौदा काही वाईट नाही." मालक हसला आणि प्रकरण तिथेच मिटलं.

स्टोअर म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगाची जाड भिंतींची लांबट खोली. आत निळे ड्रम उभे. कशावर टोल्युइन लिहिलेलं, कशावर अ‍ॅसिटोन, पण कामगार सगळ्यांना सरसकट सॉल्व्हंटच म्हणायचे. रंगाला विरघळवतं, चिकटलेलं सोडवतं, ते सॉल्व्हंट. दिसायला पाणी, वागायला वाघ. त्याची वाफ जमिनीलगत साचून राहते, डोळ्यांना दिसत नाही, आणि लोखंडावर लोखंड आपटून उडालेली ठिणगी तिला पुरते. म्हणून आतली हत्यारं झाडून सगळी पितळी. खोलीला लोखंडी सरकतं दार होतं, उतरत्या रुळावर बसवलेलं. अडकवलेला आकडा काढला की ते आपल्याच वजनाने घरंगळत बंद व्हायचं. आत आग लागलीच तर तिने बाहेर पाऊल टाकू नये, एवढ्यासाठी. कारण भिंतीला लागूनच पॅकिंगची शेड होती आणि तिथे दिवसभर बायका डबे भरत बसलेल्या असायच्या.

अक्काचा नवरा याच कारखान्यात मिक्सिंगवर होता. अबोल माणूस. घरात बोलायचं काम अक्काचं आणि धाकट्याचं. धाकटा म्हणजे तिचा दीर. सासू गेली तेव्हा तो हाफ पँटीत होता. अक्काने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. शाळा बुडवली की बडवायची, ताप आला की उशाशी बसून राहायची. मोठा झाल्यावर तिनेच त्याला कारखान्यात चिकटवला. जीभ तिखट, आवाज मोठा, त्यामुळे बघता बघता तो कामगारांचा पुढारी झाला. "आमच्या घरात मालकाशी भांडणारा एक आणि मालकासाठी भांडणारी एक," असं अक्का हसत सांगायची. धाकट्याला ते फारसं आवडायचं नाही.

त्या वर्षी कारखान्याचे दिवस फिरले. पगार लांबले. मिक्सर बंद पडले, कारण रंगद्रव्याची गाडीच येईना. माणसं सकाळी येऊन हजेरी लावायची आणि कँटीनमध्ये एकमेकांवर खेकसत बसायची. अशातच अक्काने एक गाडी भरून ड्रम परत पाठवले. त्या मालात पाणी निघालं होतं, तो ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. भरलेली गाडी गेटबाहेर जाताना मात्र सगळ्यांनी पाहिली.

एके दिवशी दुपारी मालक आला, सोबत नवा हिशेबनीस. दोघं केबिनमध्ये बसले. शिपायाने आधीच नोकरी सोडलेली, म्हणून चहा घेऊन पॅकिंगमधला उंट गेला. उंट म्हणजे उंच, मान पुढे काढून चालणारा माणूस. मनाचा वाईट नव्हता, पण कुठली गोष्ट त्याच्या पोटात राहायची नाही. दाराशी कप सावरताना त्याच्या कानावर हिशेबनिसाचं एक वाक्य पडलं. हिशेबनीस म्हणाला होता, "साहेब, आता लपवण्यात अर्थ नाही. कंपनी सॉल्व्हंट नाही."

उंटाने कँटीनमध्ये येऊन सांगितलं, "कंपनीत सॉल्व्हंट नाही."

'ध'चा 'मा' व्हायला तेवढं पुरलं.

"नाही म्हणजे? स्टोअर तर भरलेलं होतं."

"परवा गाडी भरून गेली ती कसली मग?"

"आणि चाव्या कुणाकडे असतात?"

सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या. तो चहा पीत होता. कुणीतरी मागून म्हणालं, "पुढारी आज गप्प कसा? घरचंच माणूस म्हणून पाठीशी घालतोय." दुसरा म्हणाला, "वाटा पोचला असेल." हसला कुणीच नाही. धाकट्याने कप भिंतीवर फेकून फोडला आणि उठला. बाहेर पडताना त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. मग ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने घेतलं. तोवर मालकाची गाडी मागच्या गेटने निघून गेली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

अक्का दाराबाहेर स्टुलावर बसून पान्याचं पितळ पुसत होती. घोळका येताना पाहून उठली. दिराच्या हातातली पहार पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लोखंड घेऊन इकडे यायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"वहिनी, दार उघड."

"कशाला?"

"सॉल्व्हंट कुठे गेलं ते बघायचंय."

"कुठे जाणार? आतच आहे. बघायचंय तर तू एकटा चल, रिकाम्या हाताने. ही जत्रा आत येणार नाही."

तिचं म्हणणं सरळ होतं. घोळक्यात दोघांच्या तोंडात पेटत्या सिगारेटी होत्या आणि बहुतेकांच्या हातात लोखंड. पण चिडलेल्या माणसाला नकार म्हणजेच कबुली वाटते. "चोर आहे, म्हणून उघडत नाही," कुणीतरी ओरडलं. एकाने पुढे होऊन तिच्या कमरेच्या चाव्यांना हात घातला. अक्काने पान्याचा घाव त्याच्या गळ्याच्या हाडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्यांनाही ऐकू गेला. तो खाली बसला, आणि मग कुणालाच धरबंध राहिला नाही.

तिच्या पाठीत काठी बसली. कुणीतरी केस धरून मागे खेचलं. ती पडली तरी लाथा झाडत होती. एकाच्या गुडघ्यावर, एकाच्या तोंडावर तिच्या लाथा बसल्या. आरडाओरडा ऐकून तिचा नवरा मिक्सिंगमधून धावत आला आणि काही न बोलता तिच्या अंगावर आडवा झाला. उभ्या जन्मात कुणाला अरे म्हणाला नव्हता तो. त्याच्या डोक्यात पाइपचा फटका बसला आणि तो तसाच तिच्या अंगावर निपचित पडला. त्याचं गरम रक्त तिच्या मानेवरून ओघळलं.

कमरेच्या चाव्या तिने ओढून उजव्या मुठीत धरल्या होत्या. धाकटा वाकला. "सोड, वहिनी." तिने मूठ आणखी आवळली. त्याने बूट त्या मुठीवर ठेवला आणि भार दिला. बोटं एकेक करून मोडली. अक्का ओरडली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. पुढे कितीतरी वर्षं धाकटा सांगायचा की तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चाव्या निघाल्या, दार सरकवून आकडा अडकवला, पाच-सहा जण आत शिरले. आत निळे ड्रम भिंतीपर्यंत उभे होते. धाकट्याने एक हलवून पाहिला, हलेना. दुसरा पाहिला. तोही हलेना. "भरलेत," तो म्हणाला.

मागच्यांपैकी कुणालाही ते नको होतं. बाहेर दोन माणसं रक्तात पडलेली, आणि ड्रम भरलेले? "पाणी भरून ठेवलं असेल," उंट म्हणाला. बातमी त्याने आणलेली. ती खोटी ठरली तर या रक्ताचा धनी तोच होणार होता. त्याने धाकट्याच्या हातातली पहार ओढून घेतली आणि एका ड्रमच्या कुशीत घातली. धार उडाली. वास भपकन बाहेर आला. पाणी नव्हतं ते.

बाहेर अक्काने नवऱ्याला बाजूला सारून मान वर केली. "मारू नका लोखंड," ती म्हणाली, पण तिच्या तोंडात रक्त होतं, शब्द फुटले नाहीत. उंटाला अजूनही खरं वाटत नव्हतं. त्याने दुसऱ्या ड्रमवर घाव घातला.

आग लागली असं म्हणतात, पण ती लागताना कुणी पाहिली नाही. खोलीतली हवाच पेटली. दाराजवळचे तिघं बाहेर फेकले गेले, अंगावरचे कपडे जळत. जमलेली माणसं एकमेकांना तुडवत पळाली. ज्याचं गळ्याचं हाड अक्काने मोडलं होतं, तो त्या पळापळीत चेंगरला आणि पुन्हा उठला नाही. आतून धाकटा रांगत आला. पाठीवरचा शर्ट कातडीसकट सोलून निघालेला. अक्काने त्याला डाव्या हाताने कॉलरला धरून बाहेर ओढला आणि वाळूच्या ढिगात ढकलला.

आत उंट होता. उभा होता, पेटलेला, दार कुठल्या बाजूला हे त्याला समजत नव्हतं. तो हाका मारत होता. आतला दुसरा ड्रम फुटला. आगीची जीभ दारातून बाहेर येऊन पॅकिंगच्या शेडच्या पत्र्याला चाटू लागली. पलीकडे बायका किंचाळत होत्या. शेडला एकच दरवाजा, आणि तो याच बाजूला.

अक्का उठली. खांद्याने आकडा वर उचलला. दार घरंगळलं आणि धाडकन बंद झालं. उंटाच्या हाका थोडा वेळ ऐकू आल्या. मग आल्या नाहीत.

भिंतींनी आग धरून ठेवली. बंब येईपर्यंत पॅकिंगच्या बायका सगळ्या बाहेर पडल्या होत्या.

इस्पितळात तिसऱ्या की चौथ्या दिवशी हिशेबनीस तिला भेटायला आला. कोवळा चेहरा, हातात फळांची पिशवी. त्याला खरं काय ते सांगायचं होतं, न सांगता झोप लागत नव्हती. तो म्हणाला, "अक्का, मी स्टोअरबद्दल काहीच बोललो नव्हतो. सॉल्व्हंट म्हणजे... आमच्या भाषेत, ज्याची देणी फिटू शकतात तो. कंपनीची फिटण्यासारखी राहिली नव्हती. कंपनी बुडाली, एवढंच म्हणालो मी."



"एकच शब्द दोन्हींना कसा?" तिने विचारलं.

"मूळ अर्थ सोडवणं, मोकळं करणं. रंग सोडवतं तेही सॉल्व्हंट, देण्यातून सुटतो तोही."

"जवळ ये," अक्का म्हणाली. तो वाकला. तिने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला, की नर्स धावत आली. "बुडाली म्हणायला जीभ झडली असती का तुझी?" हिशेबनीस गाल धरून उभा राहिला. फळं ठेवून गेला.

नवरा वाचला, पण त्याचं बोलणं पहिल्यापेक्षाही कमी झालं. आणि उजव्या डोळ्याची नजर गेली. अक्काची बोटं जोडली गेली, वाकडी. कारखाना विकला गेला. धाकट्यावर खटला चालला, तुरुंग झाला. सुटून आला तेव्हा त्याला घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो वहिनीच्या दाराशी येऊन उभा राहिला. अक्काने त्याला आत घेतला, पाठीच्या जळक्या व्रणांना मलम लावलं, ताट वाढलं, आणि वर्षभर एक शब्द बोलली नाही. एकदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मार ना मला वहिनी, पूर्वी मारायचीस तशी." अक्का भांडी घासत होती. घासत राहिली. तो पुढे दुसऱ्या गावी कामाला गेला. महिन्याला येतो, भावाजवळ बसतो, जातो. आता ती त्याच्याशी बोलते, कामापुरतं.

तिला सगळ्यात जास्त भीती उंटाच्या बायकोची होती. ती आली, बऱ्याच काळाने, भरदुपारी. हातात काठी. दार उघडताच तिने अक्काच्या खांद्यावर मारलं, मग कमरेवर. अक्काने तिसऱ्या फटक्याला काठी सवयीने पकडली, आणि मग सोडून दिली. बाई मारत राहिली, दमेपर्यंत. नवरा आतून उठून आला, तर अक्काने त्याला हातानेच थांबवलं.

मग ती बाई उंबऱ्यावर बसली. धाप लागली होती.

"लोक म्हणतात, तो आधीच गेला होता. मग तू दार लावलंस."

अक्काच्या ओठातून रक्त येत होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि दोघींनाही ते सोयीचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "जिवंत होता. मला दिसत होता."

"ओरडत होता?"

"हाका मारत होता."

"कुणाला?"

"तुला," अक्का म्हणाली. "आधी मला हाका मारत होता. मग नाव घेतलं ते तुझं."

बाईने काठी बाजूला ठेवली. पाणी मागितलं, प्यायली, काठी उचलून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, रिकाम्या हाताने, आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग. तो चहा घेऊन गेला तिथून." अक्काने तिला आत बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.